पिवळी बाही

नवनाथनं मोबाइल थेट मशिनच्या सुईपुढे धरला, तेव्हा स्नेहाच्या हातात लंकाबाईच्या ब्लाउजची बाही होती आणि ओठांत दोन टाचण्या. मशिन थांबवण्यावाचून इलाजच नव्हता.

“वहिनी, बघा. पोरीनं दादाला हार घातला.”

स्नेहानं टाचण्या काढून गादीत खोचल्या, हात पदराला पुसले आणि मोबाइल घेतला. साक्षीनं सकाळी स्टेटसला ठेवलेलं चित्र होतं. साक्षी तिची एकुलती एक लेक, नाशिकला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला. पण तिचं चित्र म्हणजे रंग-ब्रशचा कारभार कमी आणि कापाकापी जास्त. जुने फोटो कापायचे, कागद फाडायचे, दोरे, पत्रे, गोणपाट जे हाताला लागेल ते चिकटवायचं आणि त्यातून माणूस उभा करायचा. या वेळी तिनं बाप उभा केला होता. भरतचा चेहरा दोन अर्ध्या तुकड्यांत, आणि हनुवटीखाली अर्धगोल लोंबणारी सुकलेल्या झेंडूची माळ. त्याच्या खालचं मोबाइलमध्ये आलंच नव्हतं.

“तिनं ठरवलं म्हणायचं,” नवनाथ म्हणाला. त्याचा आवाज काही आनंदाचा नव्हता. दीर होता तरी माणूस सरळ. भावाला शोधायला मुंबईतले दवाखाने त्यानंच पालथे घातले होते, नको ती प्रेतं त्यानंच पांघरूण उचलून पाहिली होती. “आता आई बी नाय म्हनायची न्हाई.”

जिवंत माणसाच्या गळ्यात हार पडला तर तो सत्कार. तोच हार फोटोवर चढला की माणूस गेला, हे येडगावात शेंबड्या पोरालाही कळतं. भरत टोमॅटोचा टेम्पो घेऊन वाशीला गेला त्याला सात वर्षं झाली होती. टेम्पो मार्केटबाहेर सापडला, किल्ली आत, माणूस नाही. तेव्हापासून त्याचा फोटो घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपासून लांब, खिडकीशेजारच्या खिळ्यावर, बिनहाराचा होता. नवनाथच्या पोरीला स्थळं येऊ लागली, आलेले पाहुणे त्या फोटोकडे बघून हमखास विचारत, थोरले कुठं असतात? उत्तर देऊन देऊन नवनाथ थकला होता. भन्तेजींना बोलवू, गेलेल्याच्या नावानं पुण्यानुमोदन करू, एकदा मन मोकळं करू, असं त्याचं म्हणणं. त्याची आई जानकाबाई ऐकत नव्हती. शेवटी वैतागून ती एकदा बोलून गेली होती, “बाप साक्षीचा हाय. तिनं हार घातला तर मी बी घालीन. तवर माज्या पोराच्या फोटूला कुनी हात लावायचा न्हाई.”

आणि आता पोरीनं हार घातला होता.

“परवा नारायणगावात प्रदर्शन हाय,” नवनाथ म्हणाला. “जुन्नर-आंबेगावच्या पोरांची चित्रं मांडणार हायेत. आईला नेऊ. तिथंच काय ते हुईल.”

तो गेला. स्नेहानं पुन्हा पायडल मारलं आणि बाही उलटी जोडली. उसवली, परत जोडली, परत उलटीच. वीस वर्षं शिवणाऱ्या बाईच्या हातून असं होत नाही. तिला रडू यायला हवं होतं आणि आलं होतं हायसं. त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की ती उठून मागच्या दारी गेली आणि उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसली.

कारण भरत जिवंत होता, आणि हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी विहारातल्या बायकांची सहल नाशिकला त्रिरश्मी लेण्यांना निघाली होती. संगमनेरच्या पुढं चहाला गाडी थांबली. बायका उतरल्या, स्नेहाचं डोकं दुखत होतं म्हणून ती खिडकीशीच बसून राहिली. आणि हातात पाण्याचा कॅन घेऊन भरत तिच्या खिडकीखालून गेला. इतक्या जवळून, की त्याच्या चष्म्याची तुटलेली काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली तिला दिसली. चष्मा नवा होता, दोऱ्यानं बांधायची खोड जुनीच. कानापाशी केस पांढरे झाले होते. समोर एक छोटा टेम्पो उभा होता, आत एक बाई, बाईच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर. पोरानं हॉर्न दाबला. भरत दचकला, मग हसला. पोरानं पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, आणि भरत त्याला ओरडलाही नाही.

स्नेहानं खिडकीचा पडदा ओढून घेतला. खाली उतरून त्याची गचांडी धरावी, त्या बाईला चार शब्द सुनवावेत, असं तिला वाटलं नाही असं नाही. लई वाटलं. पण तिचे पाय हलले नाहीत. बायका चहा पिऊन आल्या, कोणीतरी तिला वडापाव दिला, तो तिनं खाल्लासुद्धा.

हरवलेल्या माणसाच्या बायकोला लोक पाणी विचारतात. टाकून दिलेल्या बाईला विचारतात, तुझ्यात काय कमी होतं? स्वतःचं एक वेळ तिनं सोसलं असतं, पण साक्षीचं काय? बाप हरवला म्हणून पोरगी बापावर माया करत होती, त्याचे फोटो जपत होती. बाप आपल्याला सोडून दुसऱ्या पोराचा हॉर्न ऐकत हसतो, हे तिला कशाला कळायला हवं? म्हणून स्नेहानं तोंड शिवून घेतलं. पुढे साक्षीनं नाशिकचंच कॉलेज धरलं. तेव्हापासून पोरगी एसटीत बसली की स्नेहाचा जीव थाऱ्यावर नसायचा. गाडी संगमनेरला थांबते का, असं तिनं कधी विचारलं नाही. “डबा दिलाय, वाटंत उतरू नको,” एवढंच दर वेळी सांगायची.

आता हार चढला म्हणजे सुटलं. पोरीच्या मनातला बाप मानानं गेला. मग आपला जीव असा का टांगलाय, हे काही तिला उमगेना.

नारायणगावच्या चौकात जीपमधून उतरताना जानकाबाईनं सुनेचा दंड घट्ट धरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं होतं पण ते काही मानवलं नव्हतं. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून. तरी म्हातारीनं पांढरंशुभ्र लुगडं नेसलं होतं. नवनाथ पुढे, या दोघी मागे, अशी वरात हॉलमध्ये शिरली. दारातच पाटी होती: चित्रांना हात लावू नये.

साक्षी दिसेना. चहाचं बघायला गेली आहे, असं एक पोरगी म्हणाली.

चित्र शेवटच्या भिंतीवर होतं. मोबाइलमध्ये ते तळहाताएवढं दिसलं होतं; इथं चांगलं दारभर उंचीचं प्लायवूड होतं. त्यापुढे सार्थक सर उभे होते, प्रदर्शन मांडणारे, अजून दाढी नीट न आलेले. मुलीच्या घरची माणसं म्हटल्यावर त्यांना उत्साह आला.

“हे आमच्या प्रदर्शनातलं सगळ्यात ताकदीचं काम आहे,” ते म्हणाले. “बघा, चेहऱ्याचे दोन भाग आहेत. डावा तुमच्या लग्नाच्या फोटोतला. उजवा तिनं कॉम्प्युटरवर वय वाढवून केला असणार. म्हणजे बाप आज असता तर कसा दिसला असता, ही कल्पना. आणि मध्ये ही बोटभर फट, कोरं लाकूड. ती गेलेली वर्षं. वरती निळी ताडपत्री, म्हणजे आभाळ. खाली पत्रा, म्हणजे वास्तव. आणि ही फुलं म्हणजे अर्थात निरोप.”

“सरांनीच सांगितलं,” नवनाथ हळूच म्हणाला. त्यानं डोळे पुसले. मोठ्या भावासाठी तो शेवटचा रडत होता, असं त्याच्याकडे बघून वाटलं असतं.

सर दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. जानकाबाई मात्र जागची हलली नव्हती.

“त्या पोराला काय इचारायचं,” ती म्हणाली. “स्नेहा, तू सांग. कसा दिसतोय भरत?”

“दोन तुकडे हायेत आत्या. येक लग्नातला. फेटा हाय. त्यो डोळा आपल्याकडं बघतोय.”

“आन् दुसरा?”

स्नेहानं दुसऱ्या डोळ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. ती एक पाऊल डावीकडे सरकली, मग उजवीकडे. कुठंही उभं राहिलं तरी लग्नातला भरत तिच्या डोळ्यांत बघायचा आणि आताचा भरत तिच्या खांद्यावरून मागे, लांब कुठंतरी. एका माणसात दोन माणसं बसवली होती आणि दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. तिला त्या चित्रापुढे धड उभं राहवेना, धड बाजूला होववेना.

“त्यो लांब बघतोय. रस्त्याकडं.”

“रस्ता काढलाय का तिनं?”

“नाय. पन तसाच बघतोय.”

आणि बोलता बोलता तिची नजर कामाला लागली. कुठलंही शिवलेलं हातात आलं की ती आधी जोड बघायची, मग कापड. तसंच ती आता बघू लागली. लग्नातल्या तुकड्याचा कागद पिवळट होता, त्याच्यावर अल्बमच्या चिकटपट्टीचा डाग होता, तो तिच्या ओळखीचा. घरातला प्रत्येक फोटो तिच्या हाताखालून गेला होता. साक्षीला द्यायला तिनंच तर ते काढून दिले होते. दुसरा तुकडा मात्र घरातला नव्हता. कानापाशी पांढरे केस. चष्मा.

कॉम्प्युटर केस पांढरे करत असेल. चष्माही चढवत असेल. पण चष्म्याच्या काडीला काळा दोरा होता. चार वेढे घेऊन, वर गाठ.

स्नेहानं जानकाबाईच्या हातावर हात ठेवला. म्हातारीला वाटलं, सून आधार देतेय.

ती आणखी पुढे झाली. ताडपत्री चेहऱ्याच्या वरच्या कडेला सरळ रेषेत संपत होती, कारण ती टेम्पोच्या टपावरची होती. आभाळ नव्हतं ते. चेहऱ्याभोवती एक पातळ प्लॅस्टिक ताणून बसवलं होतं, आणि त्यावर सायकलची तार वाकवून केलेला वायपर. काच होती ती. पत्र्यावर लाल रेडियमची पट्टी आणि एका कोपऱ्यात गंजलेला नटबोल्ट. झेंडूची माळ भरतच्या गळ्यात नव्हतीच. तिची दोन टोकं काचेच्या दोन खालच्या कोपऱ्यांना तारेनं बांधली होती, आणि त्या तारेत मधे आपट्याचं एक वाळलेलं पान अडकवलं होतं. दसऱ्याला हात धुऊन, गाडी धुऊन जशी माळ बांधतात, तशी.

यंदाचाच दसरा. मोबाइलमध्ये निम्मं चित्र कापलं गेलं, म्हणून गाडीचा हार माणसाला झाला.

पोरीनं त्याला पाहिलं होतं. कधीतरी, त्याच रस्त्यावर, आईचा डबा सोबत असताना वाटेत उतरून, समोर उभी राहून तिनं फोटो काढला होता. घरी येऊन काही बोलली नव्हती. दिवाळीत शेजारी बसून करंज्या लाटल्या, आज्जीच्या डोळ्यांत औषध घातलं, आणि काही बोलली नव्हती. आईचा नवरा मानानं हरवलेला आहे, तो तसाच राहू दे, असंच तिनंही ठरवलं असणार. स्नेहाला पोरीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मग एकाएकी पोरीला जवळ घ्यावंसं इतकं वाटलं की ती मागे वळून दार बघू लागली.

मग तिला बाही दिसली.

भरतच्या खांद्याजवळ, जिथं फोटोचा तुकडा संपतो तिथं, एक लहानसं कोपर राहिलं होतं. पिवळ्या शर्टाची बाही, तिच्या टोकाशी थोडासा हात, पुढे काही नाही. बघणाऱ्याला तो रंगाचा ठिपकाही वाटला असता. पण कात्री आयुष्यभर हातात धरलेल्या बाईला कळतं, की कात्री आपोआप अशी वळत नाही. सरळ खांद्यावरून खाली यायच्या जागी ती मुद्दाम बाहेर गेली होती, त्या कोपराला वळसा घालून परत आत आली होती. बाकी पोर कापून टाकलं, एवढं मात्र साक्षीला कापवलं नव्हतं.

“चहा घ्या काका,” मागून आवाज आला. साक्षी कागदी कपांचा ट्रे घेऊन उभी होती. आईला आणि आज्जीला इथं बघून ती क्षणभर थबकली. “तुमी येणार म्हनून सांगितलं का न्हाई?”

“तुझं स्टेटस बघितलं अन् निघालो,” नवनाथ म्हणाला. त्यानं कप घेतला नाही. “साक्षी, लई चांगलं केलंस बाळा. कुनीतरी करायलाच पायजे व्हतं. आता पुढल्या पौर्णिमेला भन्तेजींना बोलवतो. आई, झालं ना आता तुज्या मनासारखं? नातीनंच हार घातलाय.”

साक्षीचा चेहरा उतरला. आपल्या चित्राचं गावात काय झालंय, हे तिला तेव्हाच कळलं असावं. ती काकाकडे बघत राहिली, मग आईकडे. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण जे बोलायचं ते बोललं की आईची सात वर्षं सगळ्यांसमोर उघडी पडणार होती, म्हणून तिनं ओठ दाबून धरले. अगदी टाचण्या धरल्यासारखे. ही सवय तिनं कोणाची उचलली, हे सांगायची गरज नाही.

जानकाबाईनं मान वर केली.

“मला दिसत न्हाई,” ती म्हणाली. “पोरगी बी काय बोलत न्हाई. स्नेहा, मी तुज्या डोळ्यानं बघते हाय. खरं सांग. फोटूला हार हाय का?”

‘हाय’ म्हटलं की झालं असतं. नवनाथच्या पोरीचं लग्न सुरळीत जमलं असतं, म्हातारी एकदाची रडून मोकळी झाली असती, आणि येडगावात स्नेहाकडे बघून कोणी कधी कुजबुजलं नसतं. साक्षीसुद्धा तोंडातून ब्र काढणार नव्हती. तसं तिच्या डोळ्यांतच लिहिलेलं होतं: तू म्हणशील ते आई.

ज्या पोरीसाठी हे सगळं लपवलं, तीच आपल्यासाठी लपवत बसलीय. मग आता हे झाकून ठेवायचं तरी कुणासाठी?

“फोटोला हार न्हाई आत्या,” स्नेहा म्हणाली. “हार गाडीला हाय. दसऱ्याचा.”

“वहिनी, सरांनी सांगितलं न्हवं…” नवनाथ पुढे झाला, मग वाकून पत्र्याकडे, तारेकडे, आपट्याच्या पानाकडे बघू लागला.

“गाडीला?” जानकाबाईचा आवाज चिरकला. “म्हंजी भरत गाडीत हाय?”

“गाडीत हायेत. काचंच्या मागं. चष्मा लागलाय त्यांना. काडी तुटलीय, ती काळ्या दोऱ्यानं बांधलीय.”

“बांधनारच. समदं बांधतच आलाय त्यो,” म्हातारी म्हणाली. “आन् येकलाच हाय?”

साक्षीनं ट्रे खुर्चीवर ठेवला. “आज्जी,” ती घाईघाईनं म्हणाली, “चित्रात तेवढंच हाय, बाकी…”

“येकले न्हाईत,” स्नेहा म्हणाली. “शेजारी पोरगं बसलंय आत्या. बारकं हाय. पिवळा शर्ट घातलाय. त्यो हॉर्न वाजवतोय, आन् हे त्याला काय बी बोलत न्हाईत. हसत्यात.”

चित्रात हॉर्न नव्हता. हात कोपरापुढे कापलेला होता, आणि भरत तर हसतही नव्हता. नवनाथ चित्रात हॉर्न शोधत राहिला. साक्षीनं शोधला नाही. ती आईकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी नुसतंच आश्चर्य आलं, मग हळूहळू बाकीचं सगळं. ती जवळ आली. लहानपणी गर्दीत धरायची तसा तिनं आईच्या पदराचा काठ मुठीत धरला.

“लई वाजवतो, आई,” ती म्हणाली.

जानकाबाईनं चाचपडत चित्राच्या दिशेनं हात पुढे केला. झेंडूच्या माळेवरून, पत्र्यावरून, काचेवरून तो वर सरकत गेला आणि खांद्यापाशी थांबला. सार्थक सर लांबून ते बघत होते. दारातल्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांनी तिकडे पाठ फिरवली.